मेहमानांची सोय हाच लग्नाचा खरा थाट



घरात लग्न ठरले की आपल्याकडे पहिली चर्चा हॉलची होते, दुसरी स्टेजच्या सजावटीची आणि तिसरी पदार्थांच्या संख्येची. जे लोक या समारंभाला येणार ते कोठे बसतील, त्यांना किती वेळ ताटकळावे लागेल, म्हातारी माणसे जिना कशी चढतील, बायका-मुलांच्या पानात जेवण केव्हा पडेल, हा विचार सर्वांत शेवटी येतो आणि पुष्कळदा येतच नाही.

दुकानात मात्र आपण असे वागत नाही. गिऱ्हाईक आले की त्याला बसायला जागा देतो, पंखा सुरू करतो, पाणी विचारतो. माल दाखवायला उशीर लागणार असेल तर तसे आधी सांगतो. हाच शहाणपणा लग्नघरात वापरला तर खर्च कमी होतो आणि मेहमान समाधानाने घरी जातात. लग्न ही सुद्धा एक ऑर्डरच आहे. माणसे किती, वेळ कोणती, जागा केवढी, माल किती आणि हाताखाली माणसे किती, या पाच प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर उतरली पाहिजेत. आजच्या लेखात आपण ही उत्तरे काढण्याची रीत पाहू.

पैसा कोठे लावावा?

छोट्या व्यापाऱ्याचे किंवा कारागिराचे भांडवल म्हणजे दुकानातला माल, हातातले सुटे पैसे आणि घाऊक व्यापाऱ्याकडची पत. लग्नात हीच रक्कम खर्च झाली की पुढच्या हंगामात दुकानाच्या फळ्या रिकाम्या दिसतात. मग उधारीवर माल उचलावा लागतो आणि तो महाग पडतो. लग्नाचा दिवस एक असतो, पण त्याचे हप्ते दोन-तीन वर्षे चालतात.

म्हणून पहिला नियम असा की धंद्यातील चालू भांडवलाला हात लावायचा नाही. लग्नासाठी वेगळी ठेवलेली रक्कम किती आहे ते आधी ठरवावे आणि मेहमानांची संख्या त्या रकमेत बसवावी. दीनच्या दृष्टीने पाहिले तर वलीमा ही मुलाकडची बाब आहे. मुलीच्या बापाने शेकडो माणसांना जेवण घातलेच पाहिजे, अशी सक्ती शरीअतने केलेली नाही. ती रूढी आपणच वाढवली आहे. वलीम्यातही श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळले तर ते जेवण वाईट ठरते, अशी ताकीद हदीसमध्ये आलेली आहे.

दुसरा नियम खर्चाच्या क्रमाचा. जेवण, पाणी, सावली व हवा, बसण्याची जागा आणि स्वच्छतागृह या पाच गोष्टी मेहमानाच्या अंगाला लागतात. आधी त्यांची रक्कम बाजूला काढावी. उरेल त्यात स्टेज, फुले, रोषणाई आणि व्हिडिओ बसवावे. फुलांची कमान लहान होती म्हणून कोणी नाराज होत नाही. एप्रिलच्या उन्हात तासभर पाणी मिळाले नाही, ही गोष्ट मात्र दहा वर्षे सांगितली जाते.

मेहमानांची खातेवही

"येणार की नाही ते कळवा" असे पत्रिकेत छापले तरी आपल्याकडे कोणी कळवत नाही. त्यामुळे संख्या आपल्यालाच काढावी लागते. त्यासाठी एक साधी वही करावी. प्रत्येक कुटुंबाला एक ओळ द्यावी आणि पुढे रकाने आखावेत: पुरुष, स्त्रिया, लहान मुले, परगावचे की गावातले, शाकाहारी किती, वयस्कर किंवा आजारी कोण. पत्रिका द्यायला जाणाऱ्या माणसानेच घरी परतल्यावर ही ओळ भरावी. मोहल्ल्यातील कुटुंब बहुधा पूर्ण येते, परगावच्या कुटुंबातून एक-दोन जण येतात. खात्रीचे आणि अंदाजाचे आकडे वेगळे लिहिले तर बेरीज फारशी चुकत नाही.

शाकाहारी रकान्याकडे दुर्लक्ष करू नये. बाजारातले आपले हिंदू आणि जैन व्यापारी मित्र, शेजारी, मुलांचे शिक्षक हे सर्व आपल्या लग्नाला प्रेमाने येतात. त्यांच्यासाठी जेवण निराळ्या भांड्यांत, निराळ्या चुलीवर आणि शक्य तर निराळ्या आचाऱ्याकडून करवून घ्यावे. ते वाढणारेही वेगळे असावेत आणि जागा ठळक दिसेल अशी असावी. बिर्याणीच्या देगेशेजारी ठेवलेल्या भाजीला तो मित्र हात लावणार नाही आणि संकोचाने बोलणारही नाही. तारीख ठरवताना श्रावण, एकादशी, सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाहून घ्यावे. एरवी मांसाहार करणारे अनेक जण त्या दिवशी करत नाहीत, म्हणून शाकाहारी पाने वाढवावी लागतात.

दिवस आणि वेळ

रमजान ईदनंतर, शव्वाल महिन्यात, आपल्याकडे लग्नांची गर्दी असते. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने हा हंगाम दरवर्षी मागे सरकतो. २०२५ साली आपल्या देशात रमजान ईद ३१ मार्चला झाली, म्हणजे शव्वालची लग्ने भर एप्रिलमध्ये आली. २०३० साली हीच ईद फेब्रुवारीच्या सुरुवातीला येईल आणि लग्ने थंडीत होतील. तेव्हा "मोठ्या भावाच्या लग्नात जसे केले तसेच करू" असे म्हणून चालत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमधील दुपारचे लग्न म्हणजे म्हाताऱ्या माणसांची परीक्षाच. तेथे निकाह असरनंतर आणि जेवण मगरिबनंतर ठेवणे बरे. कोकणात जूनच्या तोंडावर लग्न असेल तर पावसाचा मंडप आणि चिखलातून येण्याची वाट, दोन्हींचा विचार हवा.

पत्रिकेवर "बाद नमाज-ए-इशा" इतकेच छापले तर कोणी नऊला येतो, कोणी साडेदहाला. त्यापेक्षा निकाहची वेळ आणि जेवण सुरू होण्याची वेळ घड्याळाच्या आकड्यांत लिहावी आणि ती पाळावी. जवळच्या मशिदीतील जमाअतची वेळ विचारून मधला वेळ मोकळा ठेवावा, म्हणजे नमाज चुकत नाही आणि पंगत अर्धी उठत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही, हेही रात्रीचा समारंभ ठरवताना लक्षात असावे.

वेळेबाबत मेहमानांचेही कर्तव्य आहे. सूरह अहजाबमध्ये (आयत ५३) पैगंबर साहेबांच्या घरच्या दावतीबद्दल आदेश आहे. जेवण तयार होण्याची वाट पाहत आधीच येऊन बसू नये आणि जेवण झाल्यावर गप्पा मारत रेंगाळू नये, असा त्याचा आशय आहे. ही आयत हजरत जैनब यांच्या वलीम्याच्या प्रसंगाशी जोडली जाते. यजमानाला संकोच वाटतो, तो बोलत नाही, म्हणून पाहुण्याने समजून घ्यावे, ही शिकवण दोन्ही बाजूंच्या उपयोगाची आहे.

पंगतीचे गणित

आता सर्वांत महत्त्वाच्या हिशेबाकडे येऊ. हॉल घेताना आपण "किती माणसे मावतात" असे विचारतो. विचारायला हवे ते असे, "एका वेळी किती माणसे जेवायला बसतात?"

समजा एकूण ६०० मेहमान आहेत. ३०० पुरुष, आणि ३०० स्त्रिया व मुले. दोन्हीकडे ७५-७५ जणांची पंगत बसते. म्हणजे दोन्हीकडे चार पंगती होतील. पुरुषांच्या एका पंगतीला जेवायला सुमारे २५ मिनिटे आणि जागा साफ करून पुन्हा मांडायला १० मिनिटे धरली, तर एक पंगत ३५ मिनिटांची झाली. जोहरनंतर पावणेदोनला पहिली पंगत बसली तर चौथी साडेतीनला बसेल.

स्त्रियांच्या बाजूला मुलांना भरवायचे असते, म्हणून एक पंगत ४५ मिनिटे घेते. तिकडे चौथी पंगत चार वाजता बसेल आणि उठेपर्यंत पावणेपाच होतील. सकाळी अकराला घरून निघालेली, कडेवर मूल असलेली बाई चार वाजेपर्यंत उपाशी राहील. आणि प्रत्यक्षात आपण काय करतो? मोठा हॉल पुरुषांना आणि मागची लहान खोली बायकांना देतो. हिशेब सांगतो की स्त्रियांकडे जागा जास्त हवी. त्यांच्या बाजूला १०० जणींची पंगत केली तर तीन पंगतींत काम होते आणि शेवटची पंगत सव्वातीनला बसते. २५ खुर्च्या आणि दोन-चार वाढपी एवढ्या भाड्यात पाऊण तास वाचला.

आणखी तीन युक्त्या आहेत. पहिली, वाढपी दोन तुकड्यांत वाटावेत. एक तुकडी वाढेल, दुसरी फक्त उचलून मांडेल. त्यामुळे दहा मिनिटांचे काम पाच मिनिटांत होते. दुसरी, पहिल्या पंगतीत लांबच्या गावाहून आलेले, वयस्कर, मधुमेहाचे रुग्ण आणि लहान मुले असलेल्या स्त्रिया यांना बसवावे. मोठी माणसे आणि पुढारी नंतर बसले तरी त्यांचा मान कमी होत नाही. तिसरी, थांबलेल्या लोकांसाठी सरबत आणि खजूर फिरते ठेवावे.

जमिनीवर दस्तरखान अंथरून बसणे ही चांगली रीत आहे, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी वीस-पंचवीस खुर्च्या व टेबले वेगळी हवीत. उभ्याने जेवण्याची पद्धत दिसायला आटोपशीर असते. एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात ताट घेतलेल्या बाईला मात्र ती शिक्षाच आहे.

देगेचा हिशेब

बिर्याणीचा ढोबळ अंदाज असा की एक किलो तांदळात आठ ते दहा माणसे जेवतात. मांस तांदळाच्या बरोबरीने ते दीडपट घेतात. बिर्याणी हाच मुख्य पदार्थ असेल तर किलोला आठ माणसे धरावी. सोबत सालन-रोटी असेल तर दहा धरावी. वरच्या उदाहरणात ६०० पैकी ५० शाकाहारी वजा केले. उरलेल्या ५५० मध्ये १०० मुले आहेत, दोन मुलांचे एक पान धरले तर ५०० पाने झाली. आठच्या हिशेबाने सुमारे ६२ किलो तांदूळ लागेल, दहाच्या हिशेबाने ५० किलो. फरक १२ किलो तांदळाचा आणि किमान तेवढ्याच मांसाचा आहे. बावर्चीला पूर्ण बेत सांगितल्याशिवाय त्याने दिलेली यादी बाजारात नेऊ नये.

पदार्थ वाढवले की प्रत्येकाचे थोडे थोडे उरते. औरंगाबादची नान-खलिया पाहा. शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले, पण नान-खलियाची दावत तशीच लोकप्रिय आहे. एक नान आणि एक सालन, एवढ्यावर शेकडो माणसे तृप्त होतात. मराठवाड्यात बगारा खाना आणि दालचा यांचेही तसेच आहे. दोन-तीन पदार्थ पण गरम, पुरेसे आणि वेळेवर, ही दावतीची खरी कसोटी.

अन्न बिघडू नये म्हणून

लग्नातील विषबाधेच्या बातम्या आपण वाचतो. बहुतेक वेळा मूळ कारण एकच असते, शिजलेले अन्न कोमट अवस्थेत बराच वेळ पडून राहणे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली असावे, आणि शिजलेले अन्न साध्या हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नये. भातात एक प्रकारचे जंतू शिजवल्यावरही बीजरूपाने टिकतात आणि भात कोमट राहिला की वाढतात. नंतर गरम केले तरी त्यांचे विष जात नाही.

आपल्या बावर्चींची दमाची रीत येथे फार उपयोगी आहे. एका मोठ्या देगेऐवजी पंगतीच्या हिशेबाने लहान देगा लावाव्यात. कणकेने तोंड बंद करून निखाऱ्यांवर ठेवलेली देग पंगत बसतानाच उघडावी. सर्व देगा एकदम उघडल्या तर शेवटच्या पंगतीला कोमट भात मिळेल. मांस रात्रीच आणायचे असेल तर बर्फाची सोय हवी. उन्हाळ्यात मलई-खव्याच्या मिठाईपेक्षा जर्दा सुरक्षित पडतो.

उरलेले अन्न कोणाला द्यायचे तेही आदल्या दिवशी ठरवावे. मदरसा, वसतिगृह किंवा गरीब वस्तीतील जबाबदार माणसाशी बोलून ठेवले, तर शेवटची पंगत उठताच गरम जेवण तेथे पोहोचते. रात्री अकरा वाजता फोन फिरवत बसले तर ते अन्न नेऊन कोणाचे भले होत नाही.

पाणी, सावली आणि वाट

उन्हाळ्यात माणशी एक लिटर पिण्याचे पाणी धरावे. ६०० जणांना ६०० लिटर, म्हणजे २० लिटरचे ३० जार. ते एकाच कोपऱ्यात न ठेवता चार ठिकाणी ठेवावेत आणि त्यातील दोन ठिकाणे स्त्रियांच्या बाजूला असावीत. वुजूसाठी आणि हात धुण्यासाठी वेगळी टाकी हवी. प्लास्टिकच्या ताट-पेल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून आणि एकदाच वापरायच्या अशा वस्तूंवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. स्टीलची भांडी भाड्याने घ्यावी किंवा पत्रावळी वापरावी.

हॉल पाहायला जाताना घरातील एका वडीलधाऱ्या स्त्रीला बरोबर न्यावे. जिना किती पायऱ्यांचा आहे, स्त्रियांच्या बाजूला पंखे आणि स्वच्छतागृहे किती, बाळाला दूध पाजायला आडोसा आहे का, या गोष्टी तिच्या नजरेला आधी दिसतील. वीज गेली तर जनरेटर कोणाचा आणि डिझेल कोण भरणार, हेही हॉलवाल्याकडून लिहून घ्यावे.

आगीपासून सावधान

हा भाग वाचून सोडून देऊ नये. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका मंगल कार्यालयातील मंडपात शाळेचा समारंभ चालू असताना आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत मुलांची संख्या फार मोठी होती. २६ सप्टेंबर २०२३ रोजी इराकमधील कराकोश या गावी लग्नाच्या हॉलमध्ये आत उडवलेल्या आतषबाजीने छताच्या सजावटीला पेट घेतला. शंभराहून अधिक मेहमान मृत्युमुखी पडले.

आज आपल्याकडेही नवरा-नवरी स्टेजवर येताना ठिणग्यांचे फवारे उडवण्याची टूम निघाली आहे. कापडी छताखाली ती कधीही मान्य करू नये. चुली मंडपापासून दूर ठेवाव्यात. समारंभाच्या स्वयंपाकासाठी घरगुती सिलिंडर वापरणे नियमाविरुद्ध आहे, त्यासाठी १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर घ्यावे. दोन्ही बाजूंना बाहेर पडायच्या किमान दोन वाटा हव्यात. पडद्यासाठी किंवा फुकटे येतील या भीतीने एखादे दार कुलूप लावून बंद करू नये. वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडे कोठे आहे ते चार तरुणांना दाखवून ठेवावे.

ज्यांचा हा धंदाच आहे

आपल्या वाचकांत बावर्ची, मंडपवाले, लाइटवाले, भांडी भाड्याने देणारे, शिंपी आणि मेंदी काढणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. त्यांना सांगणे असे की गिऱ्हाईक सजावटीबद्दल विचारील, तुम्ही सोयीबद्दल विचारा. पंगत कितीची, वयस्कर किती, शाकाहारी किती, असे प्रश्न विचारणारा कारागीर गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो आणि पुढचे काम त्याच्याकडेच येते. सर्व ठराव एका कागदावर लिहा: तारीख, माल कोणाचा, पाने किती, वाढपी किती, पहिली देग किती वाजता उघडणार, बयाणा किती आणि उरलेली रक्कम केव्हा. दोघांच्या सह्या घ्या. अन्नाचा धंदा करणाऱ्यांनी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करून तिचा १४ अंकी क्रमांक आपल्या कार्डावर छापावा, त्याने पत वाढते. आणि यजमान बंधूंनी काम झाल्यावर मजुरी तिथल्या तिथे चुकती करावी. मेहमानांना तृप्त करून कारागिराला फेऱ्या मारायला लावणे यात बरकत नाही.

आनंद कशाने होतो?

सोय झाली की आनंदाला जागा मिळते. निकाहच्या वेळी चांगला माईक असावा, म्हणजे खुतबा आणि ईजाब-कबूल स्त्रियांच्या बाजूलाही स्पष्ट ऐकू जाईल. काजी साहेबांना विनंती करून खुतब्याचा अर्थ पाच मिनिटे सोप्या मराठीत सांगितला तर मित्रमंडळींनाही त्यात सहभागी झाल्यासारखे वाटते. फोटोंच्या रांगेची वेळ ठरवून नवरा-नवरीला वेळेवर जेवू द्यावे. दारात घरचा एक पुरुष आणि आत एक स्त्री केवळ स्वागतासाठी मोकळी ठेवावी, त्यांच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. यजमान स्वतः सिलिंडर आणि बर्फामागे धावत राहिला तर लोक त्याला भेटल्याशिवायच परततात.

लग्नाला पंधरा दिवस उरले की वही उघडून हे पाच प्रश्न पुन्हा तपासा: माणसे, वेळ, जागा, माल, हात. प्रत्येकापुढे जबाबदार माणसाचे नाव लिहा. ज्या प्रश्नापुढे नाव नसेल तेथेच लग्नाच्या दिवशी अडचण येते. हे काम कागद-पेन्सिलीने दोन संध्याकाळींत होते, आणि त्यासाठी दुकानाच्या गल्ल्यातून एक पैसाही काढावा लागत नाही.